क्लच किट मागवण्याआधी या चुका टाळा

बाइक रेस होते पण पळत नाही, म्हणजे क्लच प्लेटा गेल्या, म्हणजे आता रेसिंग किट, म्हणजे नव्या प्लेटा आणि कडक स्प्रिंग, टाकायचं. एवढा सरळ हिशोब करून लोक पैसे मोजून मोकळे होतात आणि थोड्या दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतात. अरे पण आधीच्या प्लेटा का गेल्या हे कोणी बघितलं का? ते कारण तसंच राहिलं तर नव्या प्लेटाही जाणारच. सारखं तेच बघून वैताग आलाय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कारण न शोधता कडक स्प्रिंग टाकणं.

एका मुलाची केटीएम ड्यूक ३९० आली होती, स्लिपर क्लचवाली (तो काय ते पुढे सांगतो). वरच्या गिअरला थ्रॉटल पूर्ण उघडला की आरपीएम चढायचे पण स्पीड तिथेच. एका गॅरेजमध्ये नवीन फ्रिक्शन प्लेटा (घर्षणाचं अस्तर असलेल्या) आणि सोबत हेवी ड्यूटी स्प्रिंग टाकून झालेल्या, थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा स्लिप, म्हणजे प्लेटा न पकडता घसरायला लागल्या, वर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये डावा हात भरून यायचा ते वेगळंच, आणि ताम्हिणी उतरताना पटापट दोन गिअर खाली टाकले की मागचं चाक उड्या मारायला लागायचं, जे आधी कधीच होत नव्हतं. मी कव्हरला हात लावायच्या आधी हँडल फिरवून बघितलं. हँडल वर उचलायला त्याखाली उंच रायझर लावलेले, क्लचची केबल मात्र कंपनीचीच. हँडल सरळ असताना लिव्हरला जेमतेम ढिलाई आणि एका बाजूला पूर्ण वळवलं की तीही गायब. म्हणजे इंजिन तापल्यावर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहायचा आणि प्लेटा घासत बसायच्या. यात स्प्रिंगचा काय दोष?

आता चाक उड्या का मारत होतं ते समजून घ्या, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. असिस्ट आणि स्लिपर प्रकारच्या क्लचमध्ये हबला, म्हणजे प्लेटा ज्यावर बसतात त्या मधल्या भागाला, तिरक्या चढाच्या खाचा असतात. इंजिन चाकाला ओढतं तेव्हा त्या खाचा प्लेटांना आणखी आवळतात, म्हणूनच कंपनी तिथे मऊ स्प्रिंग देते आणि लिव्हर हलका लागतो. गिअर खाली टाकल्यावर उलटं होतं, चाक इंजिनाला ओढायला लागतं तेव्हा त्याच खाचा प्लेटा सैल करतात आणि मागचं चाक लॉक होत नाही. हे सैल होणं स्प्रिंगच्या जोराविरुद्ध होतं. स्प्रिंग कडक केली की स्लिपरचं काम तेवढं कमी झालं. कंपनीने दिलेली चांगली गोष्ट पैसे देऊन घालवायची, हे माझ्या डोक्यात बसतच नाही.

त्या गाडीला लांब केबल टाकली, स्प्रिंग पुन्हा ओरिजिनल, फ्रिक्शन प्लेटांच्या मधल्या, तापून निळ्या पडलेल्या स्टील प्लेटा बदलल्या, ऑइल आणि फिल्टर दोन्ही नवीन. जळलेल्या क्लचचा भुसा ऑइलमध्येच फिरत असतो, त्यामुळे तेच ऑइल परत ओतणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार, असं करू नका. फ्री प्ले, म्हणजे लिव्हरची ढिलाई, मी थंड गाडीवर बघतो, तापल्यावर परत बघतो, आणि दोन्ही वेळा हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून.

कडक स्प्रिंग कधीच टाकू नये असं नाही. साधा क्लच आहे, इंजिनाचं काम करून टॉर्क खरंच वाढवलाय, ड्रॅग रेसला उतरताय, तर १० ते १५ टक्के कडक स्प्रिंग योग्यच आहे. फक्त एक्झॉस्ट आणि एअर फिल्टर बदलून मात्र एवढा टॉर्क वाढत नाही की कंपनीचा क्लच कमी पडेल.

दुसरी चूक ऑइलची. कारचं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून बाइकमध्ये ओतायचं आणि मग प्लेटांना शिव्या द्यायच्या. आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या पातळ, मायलेज वाढवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. डब्यावर जासो (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघा. एमबी लिहिलं असेल तर ते स्कूटरसाठी. ऑइल चुकीचं निघालं तर आधी ते बदलून थोडी गाडी चालवून बघा, बऱ्याचदा किटची गरजच उरत नाही.

नवीन प्लेटा कोरड्या बसवणं, ही घाईची चूक. रविवारी पहाटे राइड आहे म्हणून शनिवारी रात्री गाडी उघडणारी मंडळी हेच करतात. मी प्लेटा आदल्या रात्रीच त्याच ऑइलमध्ये बुडवून ठेवतो, अर्धा तास तरी हवाच हवा. घाई असेल त्याने गाडी उघडूच नये. जुन्या डुकाटीच्या ड्राय क्लचला मात्र ऑइलचा थेंबही लागता कामा नये, तिथे नेमकं उलटं आहे.

बसवताना कुठली प्लेट कुठून निघाली याचा फोटो काढा. बऱ्याच क्लचमध्ये एक फ्रिक्शन प्लेट आतून मोठ्या भोकाची असते, तिच्या आत जडर स्प्रिंग (क्लच सोडताना होणारी थरथर कमी करणारी) बसते, आणि काही गाड्यांत सगळ्यात बाहेरची प्लेट बास्केटच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या डब्याच्या, वेगळ्या, उथळ खाचेत जाते. किटमधल्या प्लेटा जुन्यांसारख्याच असतील असं धरून चालू नका, पूर्ण थप्पी एकावर एक ठेवून व्हर्नियरने उंची मोजा. कमी भरली तर स्लिप, जास्त भरली तर क्लच सुटणार नाही आणि न्यूट्रल शोधत बसाल.

थप्पीला वरून दाबणाऱ्या प्रेशर प्लेटवर खूण असते, ती हबच्या खुणेशी जुळवा. न जुळवता बोल्ट आवळले तर प्लेट खाचेत बसतच नाही आणि दाबाने तडकूही शकते. स्प्रिंगचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातात, आवळण्याचा टॉर्क साधारण १० न्यूटन मीटरच्या आसपास, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. इथे इम्पॅक्ट गन आणणाऱ्या माणसाकडे मी गाडी देणार नाही.

बास्केटच्या बोटांवर (खाचांमधल्या दांड्यांवर) खड्डे पडले असतील तर महागातलं किटही अडखळणारच. अगदी बारीक असतील तर कानस फिरवा, नख अडकण्याइतके खोल असतील तर बास्केट बदला. स्टील प्लेटा जाड काचेवर ठेवून खालून फिलर गेज (बारीक फट मोजायची पट्टी) घालून बघा, वाकलेली लगेच कळते.

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी फ्लुइडवर चालणाऱ्या, क्लचवाल्यांनी बाजारातला शॉर्ट लिव्हर लावला असेल तर आधी तोच काढून बघा. त्याने लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन जराही आत दाबून धरला तर फ्लुइड परत टाकीत येत नाही, तापल्यावर दाब वाढतो आणि क्लच आपोआप स्लिप होतो. आणि टॉप अप करताना झाकणावर काय लिहिलंय ते वाचून मगच ओता, काही गाड्यांना डॉट ४ लागतं तर काहींना मिनरल ऑइल. चुकीचं गेलं की सील फुगतात, आणि मग मास्टर आणि क्लचजवळचा स्लेव्ह, दोन्ही सिलिंडर उघडावे लागतात.