नागपूरच्या ऋतूंप्रमाणे जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचे नियोजन कसे करावे

माध्यमिक शाळेत जीवशास्त्राची प्रात्यक्षिके बहुधा धड्यांच्या क्रमाने लावली जातात आणि पहिली चूक तिथेच होते. आम्ल व आम्लारीचा प्रयोग जुलैत केला काय किंवा जानेवारीत, निष्कर्षात फारसा फरक पडत नाही; कांद्याचे मूळ, यीस्ट, झाडाचे पान आणि लाळेतील विकर (एन्झाइम) मात्र हवा पाहून वागतात. नागपुरात तर एकाच शैक्षणिक वर्षात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडतो. म्हणून प्रात्यक्षिकांची यादी अभ्यासक्रमातून घ्यावी, क्रम मात्र ऋतूंवरून लावावा. पुढील पद्धत नववी-दहावीच्या वर्गांसाठी आहे. ज्या शाळेत प्रयोगशाळा परिचर नाही आणि विज्ञानाच्या शिक्षकालाच काचपट्ट्या धुवाव्या लागतात, तिथेही ती चालते.

पायरी १ : दिनदर्शिका समोर घ्या

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. दहावीची प्रात्यक्षिके बोर्डाच्या परीक्षेपूर्वी पुरती आटोपायची, तर हाती जेमतेम सहा-साडेसहा महिने उरतात. त्यातून गणपती, दसरा, दिवाळीची सुटी आणि सत्र परीक्षा आधी खोडून टाकाव्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक असते, दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसरात लाखोंची गर्दी लोटते आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात मोर्च्यांमुळे सीताबर्डीकडचे रस्ते वारंवार अडतात, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे. या तारखा प्रयोगाच्या दिवसापेक्षा त्याच्या पूर्वतयारीवर अधिक घाला घालतात, कारण भिजवलेले हरभरे आणि पाण्यावर ठेवलेले कांदे सुटी पाळत नाहीत.

पायरी २ : प्रत्येक प्रयोगाला त्याचा ऋतू द्या

पावसाळा बुरशीचा आणि बियांचा. ओलसर पावाच्या तुकड्यावर जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार दिवसांत म्युकर किंवा रायझोपस ही बुरशी उगवते, त्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. यीस्टचे मुकुलायनही (पेशीवर कळी येऊन नवी पेशी होणे) याच काळात किंवा सप्टेंबरमध्ये घ्यावे. साखरेच्या कोमट द्रावणात घातलेल्या यीस्टमध्ये एक-दोन तासांत कळ्या दिसू लागतात, म्हणून ते तासिकेच्या आधीच भिजवून ठेवणे सोयीचे पडते. अंकुरित हरभऱ्यांचा श्वसनाचा प्रयोग आणि कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी हेही पहिल्या सत्रातच उरकावेत. पापुद्र्याची काचपट्टी तर शाळा उघडताच पहिल्या पंधरवड्यात करवून घ्यावी, कारण तिच्यावरच मुलांचा सूक्ष्मदर्शकाशी परिचय होतो.

प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग मात्र पावसाळ्यात मुळीच ठेवू नये. मी स्वतः एका ऑगस्टमध्ये धड्याचा क्रम पाळण्याच्या हट्टापायी तो घेतला होता. जास्वंदीचे झाड दोन दिवस अंधारात ठेवून बाहेर काढले आणि पुढचे तीन दिवस सूर्य दिसला नाही. आयोडीन स्टार्च असलेल्या पानाला निळेकाळे करते; ते टाकल्यावर उजेडातले पान आणि काळ्या कागदाने झाकलेले पान सारखेच पिवळट तपकिरी निघाले. मुलांनी तरीही पुस्तकातील निष्कर्ष वहीत उतरवून घेतला, हे अपयशापेक्षा जास्त लागले. पाऊस परतल्यावर, शक्यतो दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या निरभ्र उन्हात, हाच प्रयोग सहसा फसत नाही. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या फांदीतून निघणारे ऑक्सिजनचे बुडबुडेही त्याच आठवड्यात मोजून घ्यावेत. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास त्यांची संख्या वाढते. हायड्रिला तलावावर जाऊन शोधण्यापेक्षा मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेला बरा.

लाळेतील अमायलेज या स्टार्च पचवणाऱ्या विकराचा प्रयोग हिवाळ्यात ठेवला तर थंडीचाच उपयोग करून घेता येतो. हे विकर ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम काम करते. डिसेंबरच्या सकाळी स्टार्चचे द्रावण व लाळ घातलेली एक परीक्षानळी वर्गाच्या तापमानाला आणि दुसरी कोमट पाण्याच्या चंचुपात्रात ठेवावी, दर मिनिटाला एकेक थेंब काढून पांढऱ्या फरशीवर आयोडीनशी मिसळावा. कोमट नळीत निळा रंग आधी नाहीसा होतो आणि विकरावर तापमानाचा होणारा परिणाम निराळा शिकवावा लागत नाही. याच दिवसांत आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. रसात थोडे स्टार्चचे द्रावण मिसळून आयोडीनचे थेंब मोजत टाकावेत. जीवनसत्त्व क आयोडीनचे आयोडाइडमध्ये रूपांतर करते, त्यामुळे ते संपेपर्यंत निळा रंग टिकत नाही. ताजा रस आणि उकळलेला रस समान प्रमाणात घेऊन थेंबांची तुलना करता येते. हा प्रयोग यादीत नसला तरी मी घेतोच.

अमिबाचे द्विविभाजन किंवा ऊतींचे प्रकार यांच्या कायमस्वरूपी काचपट्ट्यांना ऋतू नसतो. त्या राखीव ठेवाव्यात आणि वीज नसलेल्या, ढगाळ किंवा अवचित रिकाम्या मिळालेल्या तासिकेला वापराव्यात.

पायरी ३ : साहित्य उलट्या क्रमाने मोजा

समसूत्री विभाजनाचे, म्हणजे कांद्याच्या मुळांच्या टोकांत पेशी दुभागताना पाहण्याचे, उदाहरण घेतो, कारण पूर्वतयारी सर्वांत जास्त त्यालाच लागते. साठ मुलांच्या वर्गात वीस-वीसच्या तीन तुकड्या आणि दोघांत एक सूक्ष्मदर्शक धरल्यास तीस जोड्या होतात. पहिली काचपट्टी बहुधा चिरडून वाया जाते, म्हणून प्रत्येक जोडीला मुळांची दोन टोके आणि वर थोडी शिल्लक, अशी ऐंशी टोके लागतील. एका कांद्याला पंधरा-वीस चांगली मुळे धरली तर पाच कांदे पुरतात. मात्र दोन-तीन कांदे रुसतातच, तेव्हा आठ ठेवावेत. कांद्याच्या बुडाची जुनी वाळलेली मुळे खरवडून काढावीत आणि फक्त बूड पाण्याला टेकेल अशा बेताने तो बाटलीच्या तोंडावर ठेवावा. पाणी रोज बदलावे. तीन-चार दिवसांत मुळे एक-दोन सेंटिमीटर वाढली की सकाळच्या वेळी टोके कापावीत.

इथेच बहुतेकांचे गणित चुकते. टोके कापण्याचा दिवस आणि प्रयोगाचा दिवस एकच असावा, असे समजून सगळे वेळापत्रक त्या कांद्यांच्या मर्जीवर सोडले जाते. वास्तविक एक भाग ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात टोके चोवीस तास ठेवून नंतर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये हलवली, की ती फ्रिजमध्ये कित्येक आठवडे टिकतात. मारबतीची सुटी मध्ये आली तरी काही बिघडत नाही आणि तिन्ही तुकड्यांना एकाच सकाळची मुळे मिळतात. प्रयोगाच्या दिवशी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टोके काही मिनिटे कोमट करून मऊ करावीत, ॲसिटोकार्माइनने रंगवावीत आणि आच्छादन काचेवर (कव्हर स्लिप) टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाब द्यावा. काच बाजूला सरकली की पेशी एकमेकींवर चढतात.

पायरी ४ : दोन दिवस आधी स्वतः करून पाहा

मुले जी बाटली वापरणार आहेत, त्याच बाटलीतील द्रावणाने प्रयोग करून पाहावा. उन्हाळ्याच्या सुटीत बंद खोलीत अल्कोहोल उडून जाते, आयोडीन फिके पडते आणि बाटलीवरची चिठ्ठी पूर्वीइतकीच विश्वासार्ह दिसत राहते. आयोडीनचे द्रावण दरवर्षी ताजे करावे: २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवून त्यात १ ग्रॅम आयोडीन घालावे आणि एकूण ३०० मिलिलिटर करून तपकिरी बाटलीत भरावे. आयोडीन नुसत्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून हा क्रम बदलू नये.

पायरी ५ : धोका असलेली जागा आधी ठरवा

पानातील हरितद्रव्य काढताना अल्कोहोलजवळ ज्योत नकोच. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते. म्हणजे विजेच्या किटलीतील ताजे उकळलेले पाणी चंचुपात्रात ओतून त्यात अल्कोहोल व पान असलेली परीक्षानळी उभी केली, तरी काम भागते आणि स्पिरिटचे दिवे कपाटातच राहतात. श्वसनाच्या प्रयोगातील दाहक पोटॅशियम हायड्रॉक्साइड शिक्षकानेच हाताळावे. गालाच्या पेशी आणि लाळ प्रत्येकाने स्वतःचीच घ्यावी, कापसाची काडी एकदाच वापरावी आणि लगेच ब्लीचच्या द्रावणात टाकावी. बुरशीचे भांडे झाकलेलेच ठेवावे. नमुना काढायचा असल्यास तो शिक्षकाने काढावा. आरशाचा सूक्ष्मदर्शक खिडकीतल्या उजेडाकडे वळवावा, सूर्याकडे कधीही नाही.

पायरी ६ : तासिका आणि नोंदवही

सलग दोन तासिका मिळवणे ही मुख्याध्यापकांकडे जूनमध्येच करायची विनंती आहे. ऑगस्टमध्ये कोणी वेळापत्रक हलवत नाही. सत्तर मिनिटांपैकी दहा मिनिटे सूचना, चाळीस काम, दहा नोंदी आणि दहा धुणे-आवरणे, असा हिशेब ठेवावा. आकृती सूक्ष्मदर्शकाशेजारी बसूनच पेन्सिलीने काढवून घ्यावी आणि तिच्याखाली वस्तुभिंगाची शक्ती लिहायला सांगावी. घरी पाठवलेल्या वह्यांमधून चाळीस मुलांचा एकच कांदा परत येतो, पेशींच्या संख्येसह. फसलेल्या प्रयोगाची नोंदही निरीक्षण आणि संभाव्य कारण लिहून गुणांसाठी ग्राह्य धरावी, आणि हे मुलांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगावे.

शिक्षकाची स्वतःची एक वेगळी वही असावी. कोणत्या तारखेला कांद्यांना मुळे फुटली, कोणते पान चांगले निघाले आणि किती आच्छादन काचा फुटल्या, हे तिच्यात लिहिले की पुढच्या वर्षीची खरेदी अर्ध्या तासात उरकते. एप्रिलमध्ये शाळा बंद करण्यापूर्वी उरलेले अल्कोहोल घट्ट बुचाच्या बाटलीत भरून टिनाच्या छपराखालून थंड खोलीत हलवावे, वस्तुभिंगे मऊ कापडाने पुसावीत आणि प्रत्येक सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी, कारण भिंगांवर बुरशी धरते ती सुटी संपून पहिला पाऊस आल्यावर.