घराच्या बांधकाम परवानगीत या चुका टाळा

प्लॉट घेतला, भूमिपूजन झालं, ठेकेदाराने जेसीबीसुद्धा सांगून ठेवला आणि मंजुरीची फाईल त्रुटीत अडकली, हे आमच्या भागात नेहमी दिसतं. पैसे अडकतात, घरात भांडणं होतात, म्हणून कळकळीने लिहितोय.

सगळ्यात महागात पडते ती मोजणीआधी नकाशा काढण्याची घाई. आमच्या सातबाऱ्यावर ३ गुंठे, म्हणजे सुमारे ३०३ चौरस मीटर. नकाशा त्यावरच काढला. नंतर मोजणी झाली, तेव्हा शेजारच्या मेंदीच्या कुंपणापलीकडे आमची हद्द निघाली. ताब्यात होते जेमतेम २८१ चौरस मीटर. कागद आणि जागा यांत जे कमी भरेल तेच क्षेत्र धरतात. बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, बसेना, जिनाच फिरवावा लागला. आधी भूमी अभिलेखची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या, मग आर्किटेक्टकडे जा. त्याच फेरीत नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. प्लॉटवरून डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता जातोय का, ते तिथेच कळतं.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव लागलं म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, असं गावाकडे अनेकजण मानतात. तो करआकारणीचा कागद आहे, परवानगी नव्हे.

राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला सवलत आहे, पण 'परवानगी लागत नाही' एवढंच ऐकून पाया खोदू नका. कागदपत्रं, नकाशा आणि शुल्क भरून प्राधिकरणाला कळवावंच लागतं. ती पोच जपून ठेवा.

६० दिवस उलटले की मंजुरी मिळालीच, हाही अर्धवट समज. त्रुटीचं पत्र आलं असेल तर दिवस तुमच्या उत्तरापासून मोजतात, आणि नियमात न बसणारा नकाशा अशा मानीव (मुदत उलटल्याने मिळाली असं धरलेल्या) परवानगीनेही वैध होत नाही.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, १ वर्षाचं असतं. मुदत संपण्याआधी वाढवून घ्या.

आणि जोत्याकडे (पायावरच्या प्लिंथकडे) डोळ्यात तेल घालून बघा. आखणीत कॉलम फूटभर सरकला की भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायचा दाखला, अडतं, तोवर स्लॅब टाकून झालेला असतो. आखणीची फक्की टाकतील त्या सकाळी आर्किटेक्टला साइटवर बोलवा, टेपचं एक टोक स्वतः धरा, आणि जोता तपासणी झाल्याशिवाय भिंतीची वीट लावू देऊ नका.