किट्झब्यूलची शर्यत आणि सुट्टीतलं स्कीइंग, दोन्ही जमवायचं तर

जानेवारीच्या उत्तरार्धात ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलला हानेनकामच्या स्की-शर्यती होतात. त्या आठवड्यात गावात खोली मिळणं कठीण, मिळालीच तर भाव भलताच. म्हणून मुक्काम गावात नकोच.

१. आधी शर्यतीचं वेळापत्रक पाहा. डाउनहिल, म्हणजे उतारावरून सुसाट खाली येण्याची मुख्य शर्यत, बहुधा शनिवारी असते, सराव त्याआधीच्या दिवसांत.

२. वोर्गल ते किट्झब्यूल रेल्वेमार्गावरचं गाव निवडा: होप्फगार्टन, ब्रिक्सन किंवा किर्शबर्ग. शर्यतीला रेल्वेनेच जा, हानेनकाम थांब्यावर उतरा. समाप्तीरेषा तिथून चालत गाठता येते. गाडी नेली तर पार्किंग शोधण्यातच सकाळ जाईल.

३. स्कीइंगसाठी किर्शबर्गच्या बाजूने फ्लेकआल्म गोंडोलाने (तारेवरच्या बंद पाळण्याने) वर चढा. खरी गंमत शनिवारी: गर्दी खाली शर्यत पाहत उभी असते, त्यामुळे दूरचे उतार बऱ्यापैकी मोकळे सापडतात. मात्र श्ट्राइफ हा शर्यतीचा उतार बंद असतो, खाली गावात उतरायची वाट आधीच विचारून ठेवा.

४. स्कीइंगचा पास घेताना गाव तपासा. होप्फगार्टन आणि ब्रिक्सन स्कीवेल्ट या स्की-क्षेत्रात येतात, किर्शबर्ग किट्झस्की या दुसऱ्या क्षेत्रात. एकाचा साधा पास दुसरीकडे चालेल असं धरून चालू नका.

सावधान: शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा लागतो, पण व्हिसापुरत्या स्वस्त पॉलिसीत स्कीइंगचे अपघात बरेचदा वगळलेले असतात. उतारावरून हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च हजारो युरोंत जातो. 'हिवाळी खेळ' आणि 'डोंगरी बचाव' हे दोन्ही पॉलिसीत लिहिलेले हवेत.