दगडफूल घरी जगत नाही? या चुका टाळा

पाडलेल्या कंपाउंडचा एखादा दगड, त्यावर राखाडी-हिरवे चट्टे. दगड गॅलरीत येतो, रोज पाणी मिळतं आणि दोन महिन्यांत त्यावर हिरवा बुळबुळीत थर चढतो. तो थर शेवाळाचा. दगडफूल तोवर मेलेलं असतं.

बहुतेक वेळा घात करतं ते हे रोजचं पाणीच. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल (उन्हात अन्न बनवणारे हिरवे सूक्ष्म जीव) यांचा एकत्र संसार. मुळं नाहीत, पाणी अडवणारी साल नाही. दव, धुकं, पाऊस, जे अंगावर पडेल ते टिपायचं आणि उन्हाबरोबर पुन्हा वाळायचं. वाळलेलं दगडफूल झोपलेलं असतं, मेलेलं नव्हे. ते सतत चिंब राहिलं, तर आतल्या शैवालापर्यंत कार्बन डायऑक्साइड नीट पोचत नाही, बुरशीचा श्वास मात्र चालूच राहतो आणि साठवलेलं अन्न संपत जातं. म्हणून पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा, पहाटे, बारीक फवारा पुरे. दहाच्या सुमारास दगड हाताला कोरडा लागलाच पाहिजे. दुपारच्या तापल्या दगडावर पाणी नको. कोरडं दगडफूल तो ताप सोसतं, ओलं भाजून निघतं. पाणी पावसाचं साठवलेलं उत्तम. नळाच्या पाण्यातले क्षार पांढरी खपली धरतात.

दुसरी चूक खरवडण्याची. कातळाला चिकटून पसरणाऱ्या जातींचे तंतू दगडात शिरलेले असतात, त्यामुळे सुरीला फक्त भुगा येतो. दगडच उचला, तोही स्वतःच्या आवारातला. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या पठारावरच्या, कातळाला आणि गडाच्या तटाला हात लावू नका. चट्ट्याची कड चहूबाजूंनी वर्षाला अर्धा मिलिमीटर सरकत असेल, तर १० सेंटिमीटर रुंदीचा चट्टा १०० वर्षांचा असतो. उचलण्याआधी वरची बाजू आणि उत्तर दिशा खडूने नोंदवा, घरीही दगड तसाच ठेवा.

दगडाची जातही बघा. दगडफूल नसलेल्या जागेवर व्हिनेगरचा एक थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे. चुन्यावरच्या जाती काळ्या बसाल्टवर सहसा तगत नाहीत, बसाल्टवरच्या चुन्यावर नाहीत.

खत, ताक, शेणपाणी ओतू नका. ते शेवाळ आणि साध्या बुरशीच्या पथ्यावर पडतं. काचेची बंद बरणी, तांब्याच्या पाइपाखालची जागा आणि धुराचा हमरस्ताही टाळा.

दगड टाकून देण्याआधी चट्ट्यावर फवारा मारा आणि पाच मिनिटांनी १० पट भिंगातून पाहा. राखाडी रंगात हिरवा उमटला, तर शैवाल बहुधा जिवंत आहे. चट्टा पांढराफटक राहिला आणि कडा सुटू लागल्या, तर तेवढा भाग गेला. मधला भाग पांढरा पण कड हिरवी असेल, तर महिनाभर फवारे निम्मे करा आणि दगड सकाळचं ऊन लागेल तिथे हलवा.