कॅसेट संगणकात उतरवताना

घरातल्या ओव्यांची किंवा गावच्या भजनाची कॅसेट डिजिटल करायची असेल तर खरं काम टेपरेकॉर्डरवरच होतं. हेडने, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाने, टेपवरून जे उचललं नाही, ते नंतर कुठलंही सॉफ्टवेअर आणून देत नाही.

आधी कॅसेटच्या खिडकीतून रीळ बघा. कडेला पांढरी बुरशी असेल तर ती कॅसेट लावू नका. बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. टेपमागच्या पत्र्याच्या पट्टीवरचा फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका आणि खाली-वर येतो. खोकं स्क्रूचं असेल तर रीळं दुसऱ्या खोक्यात हलवा. वरच्या कडेच्या दोन्ही टॅब मोडा, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे, मग मागे फिरवून घ्या. चिकटलेले वेढे सुटतात.

डेक (टेपरेकॉर्डर) बंद करून हेड आणि कॅपस्टन, म्हणजे टेप ओढणारा फिरता दांडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाची काडी तपकिरी निघायची थांबेपर्यंत पुसत राहा.

आता ॲझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन. बहुतेक जण हे सोडतात, आणि तिथेच फसतात. मूळ रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राचं हेड जरा तिरकं असेल, तर तुमचंही तेवढंच तिरकं हवं. हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूच्या मूळ जागेवर मार्करने खूण करा. आवाज मोनो करून कॅसेट वाजवा आणि स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवा. टाळ खणखणीत आणि ‘स’, ‘श’ धारदार ऐकू आले की थांबा. स्क्रूड्रायव्हर चुंबकवाला नको. हे न करता संगणकात ट्रेबल वाढवलात तर वाढते फक्त खरखर.

डेकच्या लाइन आउटमधून आरसीए केबल यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीच्या) लाइन इनला द्या. लॅपटॉपचं एकुलतं एक भोक बहुधा मोनो माइकसाठी असतं; लाइनचा जोरदार सिग्नल तिथे फाटतो. गुणगुण आली तर चार्जर काढून बघा.

लेव्हल लावताना टेपची सवय विसरा. टेपवर काटा शून्यापुढे गेला तर आवाज हळूहळू दबतो. डिजिटलमध्ये शून्य डीबी ही भिंत आहे: त्यापुढचा आकडाच नाही, लाटेचा माथा सपाट कापला जातो. सगळ्यात मोठा आवाज -6 ते -10 डीबीवर ठेवा. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ पुरे. मिनिटाला साधारण 17 एमबी, म्हणजे सी-90 ला (90 मिनिटांच्या कॅसेटला) दीड जीबी. कॅसेट डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) लावून भरलेली नसेल तर डॉल्बी बंद.

मूळ डब्ल्यूएव्ही फाइलला हात लावू नका. खरखर कमी करायची तर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रतीवर, गाणं सुरू होण्याआधीची दोन-तीन सेकंदं नमुना म्हणून देऊन, 6 ते 8 डीबीच. हाव केली की आजी पाण्याखालून गाते.