जुन्या एसएलआरचा फोकस लागत नाही? या चुका टाळा

नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, दिवे सोडायची वेळ होती. रामकुंडाशेजारी उभा होतो, गळ्यात निकॉन डी३१०० हा एसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा), त्यावर मित्राकडून घेतलेली जुनी ५० एमएम एफ १.८ डी लेन्स. बटण अर्धं दाबलं तर लेन्स ढिम्म. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, ‘एफईई’ ही चुकीची खूण लुकलुकतेय. लेन्स गेली असं धरून दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला नेली. कारागिराने लेन्सवरची अ‍ॅपर्चर रिंग (प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणारी कडी) २२ वर, म्हणजे सगळ्यात लहान छिद्रावर, फिरवून खटका लावला, ‘एफईई’ गेलं. पैसे घेतले नाहीत, हसला फक्त. फोकस मात्र तरीही हातानेच करावा लागणार होता, कारण त्या बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, फोकस फिरवणारी मोटरच नाही.

लेन्स माउंटवर (बॉडीवरच्या लेन्स बसवायच्या कडीवर) बसली म्हणजे चालणार, हा समज सगळ्यात महागात पडतो. मोटर कुठे ठेवायची यावर कंपन्यांचं कधी एकमत नव्हतंच. ३५ एमएम एसएलआरमध्ये ऑटोफोकस पहिल्यांदा आणला पेन्टॅक्स एमई एफने, १९८१ मध्ये. मोटर आणि सेल दोन्ही लेन्सच्या पोटात, त्यामुळे लेन्स चांगलीच बोजड. बाजार मारला तो १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने. त्यात मोटर बॉडीत, आणि माउंटमधून डोकावणारा बारीकसा स्क्रू लेन्स फिरवायचा. निकॉनने १९८६ च्या एफ-५०१ मध्ये तोच रस्ता धरला, १९५९ चं एफ माउंट न सोडता. कॅननने मात्र १९८७ मध्ये ईओएस ६५० काढताना आपल्या एफडी माउंटवर पाणी सोडलं आणि मोटर लेन्समध्ये घातली. जुने गिऱ्हाईक चिडले, पण आज बघता तो निर्णय शहाणपणाचाच वाटतो. पुढे निकॉनही लेन्समधल्या मोटरकडे वळलं आणि २००६ च्या डी४० पासून स्वस्त बॉडींतली मोटर गेली.

म्हणून सेकंडहँड घेताना निकॉनची बॉडी डी४०, डी३००० किंवा डी५००० च्या घरातली असेल तर लेन्सवर एएफ-एस (आत मोटर असल्याची खूण) लिहिलंय का बघा. नुसतं ‘एएफ’ किंवा ‘डी’ असेल तर फोकस हाताने. तेही जमतं: व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस लागला. एएफ-पी या नव्या मोटरच्या लेन्स तर बऱ्याच जुन्या बॉडींवर हातानेही फोकस होत नाहीत. कॅननवाल्यांनी स्वस्तात मिळाली म्हणून ईओएसला एफडी लेन्स उचलू नये. अ‍ॅडॅप्टर लावला तरी आत भिंग नसेल तर लांबचं कधीच शार्प येत नाही.

दुसरी तक्रार नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हटकून ऐकू येते: “लेन्स नुसती पुढे-मागे पळते.” एसएलआरमधला फोकसचा सेन्सर लेन्सच्या दोन कडांमधून आलेली प्रतिमा जुळवून बघतो. जुळवायला काहीतरी रेघ लागते. कोऱ्या आकाशावर, धुक्यावर, सपाट पाण्यावर त्याला धरायला काहीच नसतं. शिवाय फोकसचे बरेचसे बिंदू एकाच दिशेची रेघ वाचतात. डी३१०० च्या ११ बिंदूंपैकी क्रॉस, म्हणजे उभी आणि आडवी दोन्ही रेघ वाचणारा, फक्त मधला. तोच निवडा आणि पक्ष्याच्या पोटावर नाही, डोळ्यावर किंवा चोचीच्या कडेवर धरा. मग बटण अर्धं दाबून ठेवून चौकट हलवा. पक्षी उडायला लागला तर ही युक्ती सोडा आणि हलत्या वस्तूमागे फिरत राहणाऱ्या ‘सतत फोकस’वर जा.

टेलिकन्व्हर्टरचा, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून चित्र मोठं करणाऱ्या भिंगाचा, मोहही आवरा. एफ ५.६ च्या लेन्समागे १.४ एक्स लावला की एफ ८ होतं, म्हणजे प्रकाश निम्मा, आणि बहुतेक जुन्या बॉडींचा फोकस एफ ५.६ च्या पुढे चालत नाही.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) वापरत असाल तर सर्क्युलरच घ्या. मुख्य आरसा मधून थोडा प्रकाश आरपार सोडतो आणि मागचा छोटा आरसा तो खाली फोकसच्या सेन्सरकडे वळवतो. साधा लिनियर फिल्टर या वाटेत घोळ घालतो.

फोकस दर वेळी जरासा मागे किंवा पुढे लागतोय? लगेच सेटिंगमध्ये हात घालू नका. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, एकच वस्तू एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, टिपा. लाइव्ह व्ह्यू थेट फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरवरून फोकस करतो. लाइव्ह व्ह्यूवर शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधून मऊ असेल तर आरशांची जुळणी सरकलीय. बॉडीत फाइन ट्यूनची (फोकस किंचित पुढे-मागे सरकवायची) सोय असेल तर ती वापरा, नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे. दोन्हीकडे मऊ असेल तर आधी लेन्स पुसून बघा. माझ्या बाबतीत दोनदा बोटाचा ठसाच निघालाय.