फ्लू आणि कोविडची लस: दरवर्षी त्याच चुका, यंदा तरी टाळा

ऑक्टोबर उजाडला की आमच्या फार्मसीत शॅम्पूच्या कपाटापर्यंत रांग लागते. इंग्लंडमध्ये औषधाच्या दुकानातही लस टोचून मिळते, आणि आमच्या भागात मराठी घरं बरीच. त्यामुळे रांगेतले एखादे काका माझं बोलणं ऐकून ‘अरे वा, आपल्याच की!’ म्हणून खूश होतात. पाच मिनिटांनी तेच काका माझ्यावर भडकलेले असतात. दोष त्यांचा एकट्याचा नसतो, पण चुका ठरलेल्या असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात डोकेदुखीची चूक म्हणजे ‘गेल्या वर्षी मिळाली होती’. फ्लू आणि कोविड या दोन लशी एकाच मोसमात मिळतात, पण त्यांचे नियम वेगळे, आणि ते बदलतात. २०२४ च्या हिवाळ्यासाठी ६५ आणि त्यापुढच्या सगळ्यांना आणि मधुमेह वगैरे असलेल्यांनाही कोविडची लस सरकारी खर्चाने मिळत होती. २०२५ ला ती ७५ आणि त्यापुढचे, वृद्धांच्या केअर होममधले रहिवासी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी दबलेली आहे, एवढ्यांपुरतीच उरली. फ्लूचं तसं झालं नाही. तिथे ६५ ची अट तशीच राहिली, आणि त्याखालच्या वयाचे मधुमेही, गरोदर बायका, हृदयाचे, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनाही ती फुकट.

गेल्या ऑक्टोबरातला एक शनिवार. काका-काकू आणि त्यांची मुलगी आली. मुलीने दोघांच्या कोविडच्या अपॉइंटमेंटा ऑनलाइन काढलेल्या. काकू ६९ च्या. काकांचं वय विचारलं तर म्हणाले, ‘पत्रिकेप्रमाणे ७६, पासपोर्टप्रमाणे ७४.’ शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लिहून टाकलेली ती आपली सुप्रसिद्ध जन्मतारीख! कॉम्प्युटरला पत्रिका कळत नाही. मग अपॉइंटमेंट मिळाली कशी? फॉर्मवर प्रतिकारशक्ती कमी असल्याचा एक प्रश्न येतो, तिथे मुलीने दोघांसाठी ‘हो’ म्हटलेलं.

मी एकेक विचारत गेले. अवयव प्रत्यारोपण? केमोथेरपी? रक्ताचा कॅन्सर? बरेच दिवस स्टेरॉइड? सांधेदुखीसाठी बायोलॉजिकची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं? काका म्हणाले, ‘नाही हो बाई, शुगर आहे फक्त.’ मी नाही म्हटलं. त्यावर मोबाइल माझ्या नाकासमोर धरून, ‘ही अपॉइंटमेंट तुमच्याच सरकारने दिली ना? मग तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या?’ वीस मिनिटं हे चाललं. मागे एक तरुण उभा होता, खरोखर किडनी बदललेला. जेवणाच्या सुट्टीत आला होता, घड्याळ बघून निघून गेला. काकाही तणतणत गेले आणि जाताना जी फ्लूची लस दोघांना तिथल्या तिथे फुकट मिळणार होती, तीही न घेता. किडनीवाल्या मुलाला मी संध्याकाळी फोन करून पुढच्या आठवड्यात बोलावलं. काका मंगळवारी एकटेच आले, काही न बोलता खुर्चीत बसले आणि बाही वर केली. मीही काही बोलले नाही.

मुलीला मी फार दोष देत नाही. मराठीत ‘प्रतिकारशक्ती कमी आहे’ हे आपण सगळ्यांबद्दलच म्हणतो. सारखी सर्दी होते, कमी आहे. अशक्तपणा आहे, कमी आहे. सुनेने पोळ्या जाड केल्या तरी कमीच होते. फॉर्मला अभिप्रेत असलेली यादी मात्र अगदी नेमकी असते. पण ‘बघू चालतंय का’ म्हणून टिचकी मारणाऱ्यांचा मला राग येतो, कारण सुटत काहीच नाही, भांडण फक्त काउंटरवर येतं. माझी सवय सांगते: फॉर्म भरण्याआधी औषधांची यादी आणि हॉस्पिटलचं पत्र टेबलावर काढून ठेवायचं. पत्रात तसा आजार किंवा तसं औषध दिसलं तर ‘हो’, नाही तर ‘नाही’. आणि आपण त्या यादीत असाल तर ते पत्र फार्मसीतही घेऊन या, माझं निम्मं काम होतं.

उलटी चूकही असते. ‘मला फेब्रुवारीत ६५ लागतील, तेव्हा बघू’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. फ्लूसाठी मोजणी त्या मोसमाच्या ३१ मार्चपर्यंतची असते. २०२५-२६ साठी ३१ मार्च २०२६ पर्यंत ६५ पूर्ण होणारे सगळे ऑक्टोबरपासूनच पात्र होते.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे वेळेची. काहींना ऑगस्टमध्येच घाई, काही म्हणतात ख्रिसमस होऊ दे. मोठ्यांची मोहीम १ ऑक्टोबरला सुरू करतात ती उगाच नाही. लशीचा जोर महिन्या-महिन्याने ओसरतो, आणि फ्लूचा कहर बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारी. (गरोदर बायका आणि मुलांना मात्र सप्टेंबरपासूनच देतात, त्यांनी थांबू नये.) पण ‘बहुधा’ला फार भुलू नका. २०२५ ला फ्लू महिनाभर आधीच आला, एच३एन२ या फ्लूच्या विषाणूचा बदललेला उपप्रकार घेऊन. ‘ख्रिसमसनंतर’वाले नोव्हेंबरातच अंथरुणाला खिळले. टोचल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून मंडळाच्या दिवाळीच्या आदल्या दिवशी येऊन ‘आता उद्या दोनशे माणसांत बिनधास्त’ म्हणू नका. आमच्या घरी दसऱ्याच्या आठवड्यात सगळ्यांचे दंड उघडे पडतात. दसरा उशिरा आला तरी १० ऑक्टोबरच्या पुढे मी कोणाला जाऊ देत नाही.

पुण्या-मुंबईहून आलेले आईबाबा ‘आम्ही जूनमध्ये घेतली’ म्हणतात. तिकडे पावसाळ्यातही फ्लू जोरात असतो, म्हणून पावसाआधी घेतली ते बरोबरच. पण इथला डिसेंबर येईतो सहा महिने झालेले असतात. तारीख आणि लशीचं नाव लिहिलेला कागद आणा, म्हणजे पुढचं ठरवता येतं.

आता बाकीच्या भराभर.

सर्दी आहे, शिंका येतायत, म्हणून लस पुढे ढकलू नका. ताप असेल तर ढकला.

‘लशीनेच फ्लू झाला’ म्हणू नका. इंजेक्शनमधल्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, एवढंच.

थर्मल, त्यावर घट्ट स्वेटर, त्यावर कोट असं येऊ नका. काकूंनी घट्ट बाह्यांचं ब्लाउज तर नकोच. टोचायचं दंडाच्या वरच्या स्नायूत असतं, गळ्यातून हात घालून नाही.

टोचल्यावर जागा चोळू नका. लहानपणी कापसाने खसाखसा चोळायचे ती सवय कुणाची सुटत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, आणि नंतर दोन मिनिटं नुसतं दाबून धरा. गेल्या वर्षी एका मावशींनी इतकं चोळलं की आठवडाभर दंड जांभळा होता. खापर फुटलं माझ्यावर.

दोन्ही लशी एकाच दिवशी चालतात, एकेक दंडात. दोनदा चकरा नकोत. आरएसव्हीची (हा श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) लस वेगळी, ती हिवाळ्यापुरती नसते. तिचं जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे विचारा.

मुलांच्या नाकात मारायच्या फ्लूच्या फवाऱ्यात डुकराचं जिलेटिन असतं. शाळेतून येणारा लशीच्या संमतीचा फॉर्म न वाचता सही करायची आणि मग घरी रडारड, असं दोन शाकाहारी घरांत मी पाहिलंय. जिलेटिन नसलेलं इंजेक्शन मिळतं, फॉर्म परत करतानाच मागा.

आणि कृपा करून गावाकडून लस आणू नका. लस दोन ते आठ अंशांतच ठेवावी लागते, गोठली की फेकायची. एक गृहस्थ मुंबईच्या डॉक्टर भाच्याकडून घेतलेली भरलेली सिरिंज थर्मासमध्ये बर्फात खुपसून घेऊन आले होते. ‘एकदम थंडगार आहे बघा!’ हातात घेतली तर आतलं पाणी दगडासारखं. ती मी त्यांच्यादेखत वापरलेल्या सुया टाकायच्या पिवळ्या डब्यात टाकली. थर्मास मात्र पुसून परत दिला.